बूटस्ट्रॅप ५ ची बटणं मराठी साइटवर वर्षभर वापरली, त्याचा रिव्ह्यू

दादर पश्चिमेला एक छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, तिची अपॉइंटमेंटची साइट मी गेल्या वर्षी मराठीत करून दिली आणि तिची सगळी बटणं बूटस्ट्रॅप ५ वर आहेत. बूटस्ट्रॅप म्हणजे वेबसाइटसाठी बटणं, फॉर्म, पॉपअप असे तयार भाग देणारा संच. तेव्हापासून रोज पेशंट ती वापरतायत, काउंटरवरची ताई दिवसभर त्यावरच काम करते, आणि मी दर पंधरा दिवसांनी तिथे जाऊन बसते, कोण कुठे अडकतंय ते बघते. त्यामुळे हा रिव्ह्यू डेमो पेज बघून लिहिलेला नाही. आधीच सांगते, घ्याच, फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे म्हणजे कुणीही वापरावं, चांगलं आहे. पण बटण दिसतं कसं एवढंच बूटस्ट्रॅप बघतं. ते कुठे ठेवायचं, कुणाच्या शेजारी ठेवायचं आणि त्यावर मराठीत काय लिहायचं हे सगळं आपल्याच गळ्यात असतं, आणि खरा घोळ तिथेच होतो.

हा विषय मला इतका का लागलाय ते सांगते. लॅबचं काम यायच्या थोडं आधीची गोष्ट. आईची सोनोग्राफी होती एका मोठ्या हॉस्पिटलात, तीन आठवडे आधी ऑनलाइन घेतलेली तारीख. आम्ही भांडुपला राहतो. ती सकाळी उपाशीपोटी, पाणी पिऊन पिऊन पोट भरून, स्लो लोकलने गेली, आणि काउंटरवर तिला सांगितलं, मावशी तुमची अपॉइंटमेंट तर परवा रात्री तुम्हीच रद्द केलीये. आई म्हणते मी कशाला रद्द करू. संध्याकाळी घरी आल्यावर मी तिच्याच फोनवर ती साइट उघडली आणि तिला म्हटलं परवा काय काय केलंस ते करून दाखव. तिने वेळ बघायला अपॉइंटमेंट उघडली, वेळेच्या अगदी खाली एक छोटं लाल बटण होतं त्याला अंगठा लागला, पॉपअप आला, "तुम्ही ही अपॉइंटमेंट रद्द करू इच्छिता?" आणि खाली दोन बटणं, एक "ठीक आहे" आणि दुसरं "रद्द करा". आईला यातून बाहेर पडायचं होतं. आजवर प्रत्येक फॉर्मवर बाहेर पडायला तिने "रद्द करा" हेच दाबलंय, म्हणून तिने तेच दाबलं. आणि तिथे नेमकं त्याच बटणाने अपॉइंटमेंट गेली. मी पाच मिनिटं ते बघत बसले होते. तिने काहीही चूक केलेली नव्हती, उलट ती साइट वाचून वागली होती. तिला परत दोन आठवडे थांबावं लागलं.

इंग्रजीत कॅन्सल शब्दाचा हा गोंधळ आहेच, पण मराठीत तो जास्त आहे, कारण भाषांतर करणाऱ्याला शब्दांची यादी मिळते, कॅन्सलसमोर तो "रद्द करा" लिहितो, आणि तोच शब्द मग पॉपअप बंद करायलाही आणि अपॉइंटमेंट उडवायलाही जातो. यादीत बसून भाषांतर केलं की हे होणारच, स्क्रीन समोर ठेवून करायला हवं.

तर बूटस्ट्रॅपकडे वळू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ट्विटरमध्ये काम करणाऱ्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन या दोघांनी हे बनवलं आणि ऑगस्ट २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. आत्ताची पाचवी आवृत्ती मे २०२१ मध्ये आली, तिच्यात जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची गरज उरली नाही. बटणासाठी बीटीएन नावाचा एक क्लास, म्हणजे रूप ठरवणारं तयार नाव, कोडमध्ये लावायचा आणि त्याला जोडून रंगाचा क्लास, प्रायमरी, सेकंडरी, सक्सेस, डेंजर, वॉर्निंग, इन्फो, लाइट, डार्क, आणि लिंकसारखं दिसणारं एक. पाच मिनिटांत नीटनेटकी बटणं तयार. कॉलेजच्या पोरांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सगळे वापरतात ते यामुळेच.

पण इथेच पहिला मोह होतो. रंग हातात आहेत म्हणून सगळे वापरावेसे वाटतात. लॅबचं पहिलं डिझाइन माझ्याकडे आलं त्यात एका स्क्रीनवर निळं, हिरवं, पिवळं, लाल अशी चार भरीव बटणं एका ओळीत होती, नोंदवा, रिपोर्ट बघा, वेळ बदला, रद्द करा. गणपतीच्या मखराला शोभलं असतं ते, पण आजारी माणसाने कुठे बघायचं? मी एकच नियम केला, एका स्क्रीनवर भरीव निळं बटण एकच, त्या स्क्रीनवर बहुतेक लोक जे करायला आलेत ते. बाकीची आउटलाइन, म्हणजे नुसती रंगीत कड आणि आत पोकळ, त्याहून कमी महत्त्वाचं असेल ते लिंकसारखं. हिरवं मी काढूनच टाकलं, कारण निळं आणि हिरवं शेजारी आलं की लोक विचारतात मग यातलं मुख्य कुठलं.

रंगाबद्दल अजून एक. पांढऱ्या अक्षरांचं आणि मागच्या रंगाचं कॉन्ट्रास्ट किती असावं याचा वेबच्या सुगम्यतेचा जो नियम आहे, डब्ल्यूसीएजी, त्यात साध्या मजकुराला ४.५ ला १ सांगितलंय. बूटस्ट्रॅपचा निळा बरोबर त्या काठावर बसतो, लाल आणि हिरवा केसभर वर. म्हणजे पास आहे, पण तुम्ही तो निळा जरा जरी फिकट केलात, "आमच्या लोगोचा आकाशी लावा" म्हणून, तर लगेच नापास. डॉक्टरांना लोगोचा आकाशीच हवा होता. मी त्यांना फोन घेऊन दुपारी एक वाजता लॅबच्या बाहेर फुटपाथवर उभं केलं, उन्हात दोन्ही बटणं दाखवली, ते म्हणाले गडद ठेवा. भरीव पिवळ्या बटणाला बूटस्ट्रॅप स्वतःहून काळी अक्षरं देतं, हे छान केलंय. पण आउटलाइन वॉर्निंग पांढऱ्या पानावर वापरू नका, पांढऱ्यावर पिवळी अक्षरं, कॉन्ट्रास्ट १.६ च्या आसपास, दिसतच नाहीत. इतक्या चांगल्या संचात हे एक बटण तसंच्या तसं ठेवलंय याचं मला वाईट वाटतं, कारण नवीन पोरं यादीत आहे म्हणजे चालतं असं धरून वापरतात.

आता आकार. साधं बटण ३८ पिक्सेल उंच, छोटं ३१, मोठं ४८. डब्ल्यूसीएजी २.२, जी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तिच्यात बोटाने दाबायच्या जागेला कमीत कमी २४ बाय २४ ची पातळी आहे, आणि वरच्या कडक पातळीला ४४ बाय ४४. अॅपलवाले ४४ पॉइंट सांगतात, गूगलची मटेरियल ही डिझाइन पद्धत ४८ डीपी, ही त्यांची त्यांची स्क्रीनवरची मापं. म्हणजे बूटस्ट्रॅपचं साधं बटण नियमात बसतं, पण आपल्याकडची परिस्थिती बघा ना. विक्रोळी-कांजूरच्या मध्ये एका हाताने वरची कडी धरलेली, खांद्याला बॅग, दुसऱ्या हातात फोन आणि त्याच हाताच्या अंगठ्याने वेळ निवडायची, गाडी झटका देते. किंवा जुलैमध्ये दादरच्या ब्रिजवर, स्क्रीनवर पाण्याचे थेंब, बोट ओलं, फोन कुठेही टच घेतो. अशा वेळी ३८ कमी पडतात, मी स्वतः उभी राहून करून बघितलंय. पेशंटच्या सगळ्या स्क्रीनवर मी ४८ केली. काउंटरच्या कॉम्प्युटरवर मात्र ३८ च ठेवली, तिथे माउस आहे आणि ताईला एका स्क्रीनवर जास्त पेशंट दिसायला हवेत. छोटं ३१ चं बटण फक्त तक्त्यातल्या "प्रिंट" साठी.

आकार बदलणं ५.२ या आवृत्तीपासून फार सोपं झालंय, प्रत्येक बटणाची पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली जागा), फाँट, रंग, गोलाई सगळं सीएसएस व्हेरिएबलमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधल्या नाव दिलेल्या आकड्यांत दिलंय, एका जागी आकडा बदला, झालं. आधी यासाठी सास (सीएसएस तयार करायची एक भाषा) कंपाइल करत बसावं लागायचं किंवा जबरदस्ती वरून ओव्हरराइड मारायचे. याला माझ्याकडून पूर्ण मार्क.

आता मराठीचं. हे कुणी लिहित नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक, लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची. बूटस्ट्रॅपच्या बटणाची लाइन-हाइट १.५ आहे आणि देवनागरीला ती बरोबर पुरते, वरची वेलांटी, रफार, खालचा उकार, सगळं आत बसतं. पण डिझायनरच्या फाइलमध्ये बऱ्याचदा बटणाची उंची ठरलेली आणि लाइन-हाइट १ असते, कारण त्याने इंग्रजी शब्द टाकून चित्र काढलेलं असतं. ते आकडे जसेच्या तसे उतरवले आणि त्यात जास्तीचं लपवायची सेटिंग असली की "पुष्टी" मधला उकार खाली कापला जातो आणि वेलांटी वर. मला एकदा "वेळ निवडून पुढे जा" मधला "पु" खालून छाटलेला मिळाला होता, वाचताना "पढे" वाटत होतं. तेव्हा बूटस्ट्रॅपची १.५ हलवू नका, डिझायनरशी वाद घाला.

दोन, अक्षरांमधलं अंतर. हे मला सगळ्यात जास्त खुपतं. इंग्रजी बटणांवर अक्षरं जरा सुटी करायची फॅशन आहे, मटेरियलच्या दुसऱ्या पिढीत तर बटणावरची अक्षरं सगळी कॅपिटल आणि वर सव्वा पिक्सेल अंतर. देवनागरीत कॅपिटल नसतातच, त्यामुळे ती सेटिंग नुसती पडून राहते, पण अंतराची सेटिंग लागू होते, आणि मग शिरोरेषा तुटते. "नोंदवा" हा एक शब्द न राहता नों, द, वा असे तीन तुकडे दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसतात. आपण शाळेत आधी अक्षरं काढून मग एका ओढीत रेघ मारायला शिकलो, ती रेघ म्हणजेच शब्द. बूटस्ट्रॅप बटणांना हे अंतर देत नाही, म्हणून मराठीसाठी ते मला मटेरियलपेक्षा जवळचं वाटतं. कुणी थीम विकत घेऊन वर चढवली असेल तर आधी ही सेटिंग शोधून शून्यावर आणा.

तीन, फाँट. बूटस्ट्रॅप स्वतःचा फाँट आणत नाही, फोनवर जो असेल तो घेतं. म्हणजे प्रत्येक फोनवर मराठी वेगळं दिसणार. मी मुक्ता लावला, आपल्या मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी केलेला, गूगल फाँट्सवर फुकट मिळतो, जाडीचे पर्याय भरपूर. बटणावर साधी जाडी बारीक वाटते, एक पायरी वरची घेतली की उन्हात वाचता येतं. फक्त फाँट बदलला की बटणातला मजकूर अगदी किंचित वर किंवा खाली बसल्यासारखा दिसतो, कारण आपली अक्षरं शिरोरेषेला लटकतात, इंग्रजीसारखी खालच्या रेषेवर उभी नसतात. मी वरची पॅडिंग एका पिक्सेलने सरकवली. कुणाला दिसत नाही म्हणतात, मला दिसतं.

चार, लांबी. इंग्रजी सेव्ह चार अक्षरी, मराठीत "बदल जतन करा". ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर "अपॉइंटमेंट रद्द करा" आणि "अपॉइंटमेंट राहू दे" शेजारी शेजारी मावत नाहीत, दोन्ही दोन-दोन ओळींची होतात. मजकूर तोडू नको असं सांगणारा क्लास आहे, पण तो लावला तर बटणं स्क्रीनबाहेर जातात. यावर इलाज मजकूर कापणं नाही, बटणं एकाखाली एक ठेवणं.

मग आलं मांडणीचं. आधीच्या आवृत्त्यांमध्ये पूर्ण रुंदीच्या बटणाला ब्लॉक नावाचा एक वेगळा क्लास होता, पाचव्यात तो काढून टाकला. आता बटणांच्या बाहेरच्या डब्याला ग्रिड (ओळी-रकान्यांची मांडणी) करायचं आणि गॅप, म्हणजे मधलं अंतर, द्यायचा. सुरुवातीला मी वैतागले होते, जुनी सगळी पानं बदलावी लागली, पण आता वाटतं हेच बरोबर आहे. कारण अंतर हे बटणाचं नसतं, दोन बटणांमधलं असतं. आधी आपण प्रत्येक बटणाला उजवीकडे मार्जिन द्यायचो आणि शेवटच्या बटणाला ते काढत बसायचो, फोनवर बटणं खाली घसरली की वर-खाली चिकटायची. आता डब्यालाच गॅप दिला की ओळीत असो किंवा एकाखाली एक, अंतर तेवढंच राहतं. फोनवर एकाखाली एक पूर्ण रुंदीची आणि मोठ्या स्क्रीनवर उजव्या कडेला ओळीत, हे नुसत्या क्लासनी होतं, एक ओळ सीएसएस लिहावी लागत नाही.

बटणांचा गट करायची सोय, बटण ग्रुप, ही मात्र जपून वापरा. "घरी येऊन" आणि "लॅबमध्ये" असे दोन चिकटलेले पर्याय त्यात सुंदर दिसतात, आणि आतून ते खरे रेडिओ बटण असल्यामुळे डोळ्यांनी न दिसणाऱ्याच्या स्क्रीन रीडरलाही कळतं की दोघांतलं एक निवडायचंय. पण मी हौसेने सकाळच्या वेळासुद्धा त्यात टाकल्या, ७, ७.१५, ७.३० असं करत बारा वेळा, आणि गट काही ओळ मोडत नाही, तो सरळ स्क्रीनच्या बाहेर गेला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ७ ते ८ मधल्याच वेळा घेतल्या, पुढच्या कुणाला दिसल्याच नाहीत. सकाळी सातला लॅबबाहेर ही गर्दी, आणि नऊनंतर ताई मोकळी बसलेली! मग तीन-तीनचं ग्रिड केलं, प्रत्येक वेळ एक वेगळं मोठं बटण, भरलेली वेळ फिकट करून खाली "भरली" असा शब्द. नुसता फिकट रंग पुरत नाही, लोक ते दाबत राहतात आणि साइट बंद आहे म्हणून फोन करतात.

तसंच "नोंदवा" बटणाचं. माहिती पूर्ण भरेपर्यंत ते फिकट आणि बंद ठेवायची पद्धत मी आधी ठेवली होती. एक आजोबा दहा मिनिटं त्या फिकट बटणाकडे बघत बसले होते, मोबाइल नंबर नऊच आकडी टाकलाय हे त्यांना कुणी सांगतच नव्हतं. आता ते कायम चालू असतं, दाबलं की कुठे काय राहिलंय ते त्या रकान्याखाली मराठीत येतं आणि स्क्रीन तिथे जाते.

एक तांत्रिक गोष्ट जी बूटस्ट्रॅपची नाही, ब्राउझरची आहे, पण बटण म्हटलं की सांगायलाच हवी. फॉर्मच्या आतलं बटण, त्याला प्रकार दिला नाही तर, आपोआप सबमिट असतं. माझं "मागे" बटण तसंच राहिलं होतं आणि लोक मागे जाताना अर्धवट अपॉइंटमेंट नोंदत होते. प्रत्येक बटणाला प्रकार लिहायचा, न चुकता. आणि नोंदवा दाबल्यावर लगेच बटण बंद करून आत फिरणारं चक्र आणि "नोंदवतोय, थांबा" हे शब्द, बूटस्ट्रॅपमध्ये ते चक्र तयार मिळतं. गाडीत नेटवर्क गेलं की माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबतोच, कुणीही दाबेल, एकाच नावाच्या तीन अपॉइंटमेंट व्हायच्या. अर्थात सर्व्हरवरही दुबार नोंद अडवायला हवी, नुसत्या बटणावर विसंबून चालत नाही.

शब्दांसाठी मी दोन शनिवार लॅबच्या बाकावर बसले होते. थांबलेल्या लोकांना फोन दाखवायचा आणि विचारायचं, हे दाबलं तर काय होईल सांगा. "पुष्टी करा" याचा अर्थ जवळजवळ कुणालाच नीट सांगता आला नाही, एका काकूंनी विचारलं की ही कसली पुष्टी, टॉनिकची का. "जतन करा" तरुण मुलांनाही अडखळलं. "नक्की करा" सगळ्यांना कळलं. "सबमिट" पण कळतं, पण आपण मराठी साइट करतोय तर जिथे सोपा मराठी शब्द आहे तिथे तो का नको. "अपॉइंटमेंट" ला मात्र मी "पूर्वनियोजित वेळ" वगैरे काही केलं नाही, जे बोलतात तेच ठेवलं. "रिपोर्ट" तसंच. बटणावर माणूस जे तोंडाने म्हणतो ते हवं, "वेळ बदला", "रिपोर्ट बघा", "घरी बोलवा".

आणि तो रद्दचा स्क्रीन. सगळ्यात जास्त वेळ मी त्यालाच दिला. आधी लाल बटण वेळेच्या जवळून उचललं आणि पानाच्या अगदी तळाशी, मध्ये मोकळी जागा सोडून, आउटलाइन लाल करून ठेवलं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच दाखवलं होतं की लक्ष्य जितकं जवळ आणि मोठं तितकं ते पटकन गाठता येतं, त्याचं उलटही कामाचं आहे, जे चुकून व्हायला नको ते लांब ठेवा. मग पॉपअप. वरती प्रश्न नाही, माहिती, "मंगळवार सकाळी ७.३० ची अपॉइंटमेंट रद्द होईल. ही वेळ दुसऱ्या कुणाला मिळेल." खाली दोन बटणं, एकाखाली एक. वरचं भरीव निळं, "नको, अपॉइंटमेंट राहू दे". खालचं आउटलाइन लाल, "हो, अपॉइंटमेंट रद्द करा". नुसतं हो-नाही नाही, ठीक आहे तर अजिबात नाही. प्रत्येक बटण एकटं वाचलं तरी कळलं पाहिजे की काय होणार.

विंडोजवर ओके डावीकडे, मॅकवर उजवीकडे, बूटस्ट्रॅपच्या पॉपअपच्या नमुन्यात बंद करायचं आधी आणि मुख्य बटण शेवटी, उजवीकडे. कुठलं बरोबर यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला विचाराल तर साइटभर एकच क्रम ठेवा आणि शब्द स्पष्ट ठेवा, मग डावं-उजवं फारसं उरत नाही. आईला मी हा पॉपअप दाखवला आणि काहीच सांगितलं नाही. तिने "राहू दे" वाचलं आणि म्हणाली, अगं हे त्या दिवशी असतं तर.

काउंटरसाठी थोडं. ताई माउसला हात कमी लावते, टॅब दाबत दाबत पुढे जाते, तिचा वेग बघण्यासारखा आहे. त्यासाठी आत्ता कुठल्या बटणावर आहोत ते दाखवणारी कड स्पष्ट हवी, बूटस्ट्रॅप ती जाड देतं आणि ती काढू नका. डिझायनरला ती "घाण" वाटते. ताईच्या शेजारी एक तास बसा, मत बदलेल.

टेलविंड हा बूटस्ट्रॅपसारखाच दुसरा संच का नाही घेतला असं दोघांनी विचारलं. घेता येईल, पण त्यात तयार बटण नसतं, बारीक बारीक क्लास मिळतात, एकेक पॅडिंग-रंग स्वतः जोडायचे, मी एकटी काम करते आणि लॅबचं बजेट छोटं होतं. पुढे ही साइट दुसऱ्या कुणाला बघावी लागली तर बूटस्ट्रॅप येणारा माणूस गल्लोगल्ली मिळेल हाही विचार होता.

पाचपैकी चार देते. एक मार्क त्या पिवळ्या आउटलाइनचा आणि साध्या बटणाच्या ३८ पिक्सेलचा, ते ४४ असायला हवं होतं.

आता डॉक्टरांनी गुजराती मागितलंय, माटुंग्याकडून बरेच पेशंट येतात. गुजरातीत शिरोरेषा नाही, म्हणजे रेघ तुटायची भीती गेली, पण "रद करो" चा गोंधळ तिथेही तसाच आहे. "राहू दे" ला ते घरात काय म्हणतात ते मला यादीतून नकोय, म्हणून या रविवारी शेजारच्या गुजराती काकींकडे चहाला जातेय, फोन आणि चारही स्क्रीन घेऊन.